शेवट गोड आहे

नर्मदाला समितीवर घेतलं, कारण ती आई होती आणि तिला लिहितावाचता येत होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

सदुसष्ट सालचा जानेवारी चालू होता. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. देशावरून, खानदेशातून, कुठून कुठून आलेली माणसं तिथल्या वसाहतीत पत्र्याच्या चाळींमधून राहत होती. नर्मदाचा नवरा चंद्रभान वेल्डर होता. दोघं संगमनेरकडची. मुलगी नलू सहा वर्षांची.

वसाहतीचं एक मनोरंजन मंडळ होतं. महिन्यातून एकदा मैदानात पांढरा पडदा बांधून ते सिनेमा दाखवायचं. डिसेंबरातल्या सिनेमात एक नागीण होती. तिनं फणा काढला तशी पुढच्या रांगेतल्या एका बाईची दातखिळी बसली आणि तीन पोरांना घरी जाऊन ताप भरला. दुसऱ्या दिवशी चाळीचाळींतून भांडणं झाली. तेव्हा मंडळाचे चिटणीस खंडेराव यांनी ठरवलं, की यापुढे प्रत्येक सिनेमा आधी तिघांनी पाहायचा. एक ते स्वतः, एक दवाखान्यातले डॉक्टर आणि एक आई. पाहून झाल्यावर प्रत्येकानं कागदावर लिहून द्यायचं: कुटुंबासह पाहण्यास योग्य की अयोग्य, आणि का.

"नर्मदावहिनी, तुम्ही नाही म्हणू नका," खंडेराव दारात उभे राहून म्हणाले. "मुंबईहून या वेळी चित्रांचा सिनेमा आलाय. माणसं नाहीतच त्यात, सगळी काढलेली चित्रं. पोरांसाठीच आहे म्हणे. पण परक्या भाषेतला आहे, आत काय असेल कुणास ठाऊक."

त्या दिवशी दुपारी कँटीनच्या शेडमध्ये खिडक्यांना गोणपाटं लावून सिनेमा चालला. डॉक्टर अर्ध्यातच उठून गेले, कुणाच्या तरी हातावर लोखंड पडलं होतं. खंडेराव मशीन चालवणाऱ्या बन्सीशी मधून मधून बोलत होते. सबंध सिनेमा पाहिला तो नर्मदानंच.

एक मुलगी होती, दोन वेण्यांची. तिचा धाकटा भाऊ किनाऱ्यावर खेळत होता आणि समुद्रातून एक राक्षस आला. त्याला शंभर हात होते, शेवाळासारखे लोंबणारे, आणि डोळे नव्हतेच. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती, त्यांतून पाणी आतबाहेर करत होतं. त्यानं भावाला उचलून पाण्याखाली नेलं. मग ओहोटी लागली, पाणी लांब मागे हटलं, आणि तीन काळ्या खडकांच्या मध्ये खाली जाणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या. मुलगी हातात दिवा घेऊन त्या पायऱ्या उतरू लागली.

नर्मदा बसल्या जागी मागे सरकली. तिला समुद्राची भीती होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती समुद्राच्या एवढ्या जवळ राहत होती, पण तिनं त्यात पाऊल घातलं नव्हतं. लहानपणी पाणी पाहिलं ते विहिरीचं आणि प्रवरेचं. या पाण्याला पलीकडचा काठच नव्हता. वारा पडला की चाळीत झोपल्या जागी त्याचा आवाज ऐकू यायचा, कुणी तरी श्वास घेतल्यासारखा. पडद्यावर तो राक्षस पुन्हा आला तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला. नलू इथे असती तर किंचाळली असती, असं तिच्या मनात आलं.

पण शेवटी मुलीनं दिवा राक्षसाच्या त्या रिकाम्या डोळ्यांत धरला, तो विरघळला, आणि भावाचा हात धरून ती पायऱ्या चढून वर आली. दोघांच्या अंगावर ऊन पडलं. नर्मदानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

तिनं कागदावर लिहिलं: "राक्षस भयंकर आहे. लहान मुलांना आईजवळ बसवावं. पण शेवट गोड आहे, भाऊ परत येतो. योग्य."

खंडेरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "असं लिहिता आलं पाहिजे." तिला बरं वाटलं.

तिच्याकडे सकाळी भांडी घासायला नवसी यायची. नवसी आणि तिचा नवरा गोमा डोंगराकडची. पावसाळ्यात तिकडे ती आपली डोंगरउताराची वरकस जमीन कसत, दिवाळीनंतर ती दोघं पोरांना घेऊन बांधकामावर येत आणि कुंपणाबाहेर झोपडी घालून राहत. गोमा खडी वाहायचा. त्यांची मुलगी मंगळी आठ वर्षांची. आई भांडी घाशी तोवर ती नलूशी सागरगोटे खेळायची.

मंगळीला एक धाकटा भाऊ होता, सुका. दिवाळी सरल्यावर आठच दिवसांनी दोघं भावंडं ओहोटीत खेकडे धरायला खडकांवर गेली होती. भरती आली. मंगळी परत आली, सुका आला नाही. चार दिवस शोधलं, पण तो सापडला नाही. नवसी चार दिवस कामाला आली नाही आणि पाचव्या दिवशी आली. नर्मदानं तिला एक जुनं लुगडं दिलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती काही बोलली नाही. नवसीही बोलली नाही. पुढे ते तसंच राहिलं.

शनिवारी सकाळी नर्मदाच म्हणाली, "नवसी, आज सिनेमा आहे, चित्रांचा. मंगळीला पाठव. नलूजवळ बसेल."

"तिला काय समजल?" नवसी म्हणाली.

"त्यात बोलणं नाहीच फारसं. पाठव तू."

संध्याकाळी सात वाजता मैदान भरलं. नर्मदा सतरंजीवर दोघी मुलींना दोन बाजूंना घेऊन बसली. राक्षस आला तशी पोरं किंचाळली, एक बाई आपलं लेकरू उचलून मागे गेली, नलूनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. नर्मदानं मंगळीकडे पाहिलं. मंगळीनं पापणीसुद्धा हलवली नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती ताठ बसली होती. पोर धीट आहे, नर्मदाला वाटलं. डोंगरातली पोरं धीटच.

भाऊ बाहेर आला तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. मंगळीनं वाजवल्या नाहीत. तिनं नर्मदाचा पदर ओढला.

"बाई, तो खराच भायेर आला?"

"आला ना. पाहिलंस की."

एवढंच बोलणं झालं. नर्मदाला ते पुढे कितीतरी वर्षं शब्दन् शब्द आठवत राहिलं.

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला नवसी आली ती रिकाम्या हातांनी, धापा टाकत.

"मंगळी तुज्याकं हाय का?"

"नाही. का गं?"

"उजाडल्यापून नाय ती. मला वाटलं, हिकडं आली."

नलू दारात दात घासत उभी होती. ती तोंडातली राखुंडी थुंकून म्हणाली, "ती आली होती. आपली चिमणी मागून घेतली तिनं. काड्यापेटीपण."

"केव्हा?" नर्मदानं विचारलं.

"तू पाण्याला गेली होतीस ना, तेव्हा. मी म्हटलं, दिवसा चिमणी कशाला? तर म्हणाली, खाली दिवसापण अंधार असतो."

नर्मदाच्या डोळ्यांपुढे सिनेमातली ती मुलगी दिवा घेऊन पायऱ्या उतरू लागली. नवसी तिच्या तोंडाकडे पाहत होती आणि नवसीला काहीच माहीत नव्हतं. तिनं तो सिनेमा पाहिला नव्हता. पायऱ्या, ओहोटी, दिवा, काळे खडक, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. ते सगळं एकट्या नर्मदाला ठाऊक होतं.

"नवसी, सुका कुठल्या खडकांवर गेला होता? तीच जागा दाखव. पळ."

नलूला तिनं खंडेरावांकडे धाडलं. चंद्रभान आणि गोमा दोघेही रविवार असून कामावर होते, त्यांना निरोप पोचायला वेळ लागणार होता. दोघी बायका धावत सुटल्या. किनारा अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. वाटेत नर्मदानं धापा टाकत तुटक तुटक सांगितलं, की सिनेमात एक मुलगी पाण्याखाली जाऊन भावाला परत आणते. नवसी ऐकत होती. तिनं एकदाही उलट विचारलं नाही, फक्त तिचे पाय आणखी जोरात पडू लागले. एवढं धावूनही ती रडत नव्हती, आणि नर्मदाला त्या न रडण्याचीच जास्त भीती वाटली.

किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण टोपलीत कालवं भरून परतत होती. तिचं नाव साखरबाई. तिनं हात लांब करून दाखवलं.

"दिवा घेतलेली पोर ना? ती बघ गेली थं, लांब. मी हाका मारल्या, मला वाटलं खेकड्यांना चाललीय. आता भरती लागली, बायांनो. उशीर केलात."

पाणी अजून लांब होतं, पण सरळ समोरून येत नव्हतं. खडकांच्या मधल्या घळींतून ते मागच्या मागे शिरत होतं, आवाज न करता. आत्ता कोरडी दिसलेली वाळू पुन्हा पाहिली की तिच्यावर पाण्याचं बोट आलेलं असे. नर्मदा किनाऱ्याच्या ओल्या कडेशी थांबली. मग नवसी पुढे गेली म्हणून तीही गेली.

खडक शेवाळानं बुळबुळीत होते. कालवांच्या कडांनी तळवे कापत होते. दोन घळी ओलांडताना पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तिसऱ्या घळीत कमरेपर्यंत. ते गार होतं आणि खालून ओढत होतं. नर्मदाला वाटलं, हाताचं बोट जरी कुणी धरलं तरी आपण किंचाळू. खाली पाहायचं नाही, असं ती मनाशी घोकत होती, आणि खालीच पाहत होती. शेवाळ पाण्यात पसरलं होतं. लांब, लोंबतं.

मंगळी सगळ्यात पुढच्या खडकावर उकिडवी बसली होती. चिमणी तिनं खरंच पेटवली होती आणि वारा लागू नये म्हणून तळहातानं आडोसा धरला होता. दोन खडकांच्या मध्ये एक काळी कपार होती, तिच्यात पाणी वरखाली करत होतं. पोर त्या कपारीत वाकून पाहत होती. तिच्या आणि या दोघींच्या मध्ये आता एक पूर्ण घळ भरून वाहत होती.

"मंगळे!" नवसी ओरडली.

मंगळीनं वळून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "गप," ती म्हणाली. "पायरी दिसायची हाय अजून."

"पायरी नाही तिथे, बाळा!" नर्मदाचा आवाज फाटला. "पाणी वाढतंय. ये इकडे."

"तो आत हाय. मी हाक दिली त्याला."

"मंगळी, ऐक. तो सिनेमा खोटा होता. कुणीतरी काढलेली चित्रं होती ती."

"तूच बोल्लीस आला म्हणून."

"माझं चुकलं. मी खोटं बोलले."

पोरीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढ्या मोठ्या बाईनं का बरं खोटं बोलावं, हे ती समजून घेऊ पाहत होती. तेवढ्यात एक लाट खडकावर चढून तिचे पाय भिजवून गेली. चिमणी विझली. तिनं काड्यापेटी शोधायला सुरुवात केली. पेटी ओली झाली होती. ती काडी ओढत राहिली, एक, मग दुसरी.

नर्मदाकडे आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरं सांगितलं तर पोर ऐकत नव्हती. खोटं सांगायचं तर त्याच खोट्यानं तिला इथवर आणलं होतं.

तेव्हा नवसी घळीत उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत चढलं. ती मध्यावर थांबली, तोल सावरत, दोन्ही हात वर धरून.

"मंगळे, मला पवता येत नाय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जळण आण म्हणून सांगावं तसा. "तू आली नायस तर मी हितंच उभी रायीन. पाणी डोक्यावर गेलं तरी जानार नाय."

मंगळी काडी ओढायची थांबली. ती आईकडे पाहू लागली, मग कपारीकडे, मग पुन्हा आईकडे. तिचं तोंड वाकडं झालं.

"आये, भायेर हो."

"तू ये आदी."

"आये, पाणी येतंय!"

"येऊ दे."

पोर उठली. चिमणी तिनं खडकावर नीट उभी ठेवली आणि पाण्यात उडी टाकली. ती दोन हात मारून आईच्या गळ्यात पडली, आणि त्या भारानं नवसीचा तोल गेला. दोघी खाली गेल्या. नर्मदा पुढे झेपावली, तिच्या हाताला कापड लागलं, तिनं ते धरलं, आणि मग तिच्या पायाखालचाही खडक सुटला.

पाण्याखाली काहीच आवाज नव्हता. सगळं हिरवं होतं. नाकातोंडात खारट पाणी शिरलं आणि नर्मदाला वाटलं, हे इतकं सोपं आहे. इतकं जवळ होतं हे सगळा वेळ. कापड तिनं सोडलं नाही.

तिला कुणी तरी वेणीला धरून वर ओढलं. साखरबाई होती. म्हातारी त्यांच्या मागोमाग आली होती, टोपली टाकून. "पाय टेक, मेले! कंबरभरच पाणी हाय थं, पाय टेक!" ती ओरडत होती. नर्मदानं पाय टेकले. खरंच लागले. तिच्या मुठीत नवसीच्या लुगड्याचा पदर होता, आणि त्या पदराच्या दुसऱ्या टोकाला खोकत, ओकत, नवसी पोरीला छातीशी धरून उभी राहत होती.

त्या चौघी किनाऱ्याला कशा लागल्या ते नर्मदाला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. वाळूवर बसल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. तो पुढचा खडक दिसेना.

गोमा धावत आला, त्याच्यामागे चंद्रभान, मग खंडेराव सायकल ढकलत. गोमानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि तो झोपडीकडे चालू लागला.

दुपारी खंडेराव नर्मदाच्या घरी आले. ते घाबरलेले होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. आज संध्याकाळी पलीकडच्या चाळींसाठी त्याच सिनेमाचा दुसरा खेळ होता. उद्या सकाळच्या गाडीनं सिनेमाच्या पेट्या बोईसर स्टेशनावरून मुंबईला परत जायच्या होत्या.

"वहिनी, झालं ते वाईटच. पण सिनेमाचा काय दोष? दीडशे पोरांनी पाहिला. तुमच्या नलूला काय झालं?"

"काही नाही. सकाळपासून सिनेमातल्या गाण्याची चाल गुणगुणतेय."

"मग? एका पोरीवरून अयोग्य म्हणायचं?"

"मला माझा कागद परत द्या."

"देतो. पण काय लिहिणार तुम्ही त्यावर?"

राक्षसाला घाबरून कुणाला ताप भरला असता तर नर्मदाला लिहिता आलं असतं. राक्षसाची भीती तिनं मोजली होती, त्यासाठी पोरांना आईजवळ बसवायचंही सांगितलं होतं. पोरीला समुद्रात नेलं ते राक्षसानं नव्हे. 'शेवट गोड आहे' या ज्या वाक्याला खंडेरावांनी शाबासकी दिली होती, त्या वाक्यानं नेलं. आणि ते वाक्य नलूसाठी अजूनही खरंच होतं.

"मंगळीला बोलावलं तेव्हाच कळलं पाहिजे होतं मला," ती म्हणाली. "सुका गेला हे मला माहीत होतं की. सिनेमा पाहताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. मी माझ्याच पोरीचा विचार करत होते."

चंद्रभान कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो म्हणाला, "तू जाऊन सांग लोकांना."

"मी? एवढ्या माणसांपुढे?"

"मग कोण? सबंध सिनेमा तूच पाहिलायस."

संध्याकाळी नर्मदा पडद्यापुढे उभी राहिली. बन्सीनं मशीनचा दिवा लावला होता, तो सरळ तिच्या डोळ्यांवर येत होता, त्यामुळे समोरचं एकही तोंड तिला दिसत नव्हतं. नुसता गलबला ऐकू येत होता, आणि तोही हळूहळू थांबला. तिचा घसा अजून खारट पाण्यानं जळत होता.

"मी नर्मदा. तिसऱ्या चाळीतली. हा सिनेमा चांगला आहे असं मी लिहून दिलं होतं. मुलांना आवडेल. पण यात एकीचा भाऊ परत येतो. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय, त्यांनी मुलांना आधीच सांगा, की हे माणसांनी काढलेलं चित्र आहे. गेलेलं माणूस असं परत येत नाही. सांगणं जमत नसेल तर आज त्यांना घेऊन घरी जा. एवढंच."

मग मधल्या रांगेतून एक उंच माणूस उठला. तो पंजाबकडचा फिटर होता, एवढंच तिला ठाऊक होतं. शेजारच्यानं त्याला तिचं बोलणं हिंदीत सांगितलं असावं. त्यानं दोन मुलांना हातांना धरलं आणि तो बाहेर गेला. मागून एक बाई उठली. मग कडेचं एक सबंध कुटुंब उठलं, म्हातारीसकट. आणखी दोघं. नर्मदा उजेडातून बाजूला झाली आणि त्यांना जाताना पाहत राहिली. रोज नळावर भेटणारी माणसं होती ती. त्यांच्या घरातलं कोण गेलं होतं, कधी, कसं, तिला काहीच माहीत नव्हतं. पाण्यात वाटली होती त्याहून वेगळी भीती तिला त्या क्षणी वाटली.

बाकीचे बसले. सिनेमा सुरू झाला.

नर्मदा थांबली नाही. ती कुंपणाबाहेर नवसीच्या झोपडीकडे गेली. चुलीवर भाकर होती. गोमा दाराशी बसला होता, त्यानं तिला जागा करून दिली. मंगळी आईच्या पाठीला टेकून बसली होती, अंगावर गोधडी घेऊन, टक्क जागी. नर्मदाकडे तिनं पाहिलं नाही.

मैदानातला आवाज इथवर ऐकू येत होता. गाणं, मग राक्षसाचं ते गुरगुरणं आणि पोरांच्या किंकाळ्या. मग बराच वेळ काही नाही. मग टाळ्या.

"आला तो," मंगळी म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

नवसीनं भाकर उलटली. "त्यांचा आला," ती म्हणाली. "आपला नाय येणार, बाय."

थोड्या वेळानं मंगळीनं गोधडीतून हात बाहेर काढला आणि आईनं मोडून दिलेला गरम तुकडा घेतला. तो फुंकून फुंकून तिनं खाल्ला. नर्मदा भाकर संपेपर्यंत तिथे बसून राहिली.